खारघर ते हैदराबाद, सात माणसं, एक गाडी आणि वंडरला: प्लॅन तपासून द्या

खारघरवाली
नमस्कार मंडळी, एरवी मी वाचनमात्र असते पण यावेळी तुमच्या डोक्याला ताप देणार आहे. भाऊबीज उरकली की दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीने हैदराबादला जायचं घाटतंय. कारण एकच, आमच्या थोरल्याला तिथल्या वंडरला थीम पार्कला जायचंय. गेल्या वर्षी इमॅजिका झालं, पण खोपोली म्हणजे आमच्यापासून तासाभरावर, सकाळी गेलो रात्री घरी, त्यामुळे त्याच्या मते ती ट्रिपच नव्हती. ट्रिप म्हणजे हॉटेलात झोपायचं आणि सकाळी ब्रेकफास्टला चार प्रकारचे ज्यूस.

माणसं सात: मी, नवरा, सासूबाई (वय ७३, गुडघे बोलतात), थोरला ११, धाकटी साडेचार, नणंद आणि भाचा १४. गाडी सातसीटर, सीएनजी. नवऱ्याचं म्हणणं अंतर साधारण ६८० किमी आहे, पहाटे ४ ला निघू, संध्याकाळी ५-६ पर्यंत पोचू, मध्ये मुक्काम कशाला. दुसऱ्या दिवशी वंडरला, तिसऱ्या दिवशी रामोजी फिल्म सिटी, चौथ्या दिवशी परत. गाडी एकटा तोच चालवणार कारण मला हायवेवर ट्रकच्या बाजूने जायची अजून धडकी भरते, आणि नणंदेकडे लायसन आहे पण ते पाकिटात ठेवायला.

त्यात सासूबाईंनी काल हळूच विषय काढला की सोलापूरवरून जाणारच आहात तर अक्कलकोट, आणि अक्कलकोट होणारच आहे तर तुळजापूर, आईचं दर्शन राहून गेलंय दोन वर्षं. नवरा तेव्हापासून गप्प आहे. मला कळत नाहीये की हे सगळं चार दिवसांत बसतं का, सामान कुठे ठेवायचं, आणि धाकटीला घाटात हमखास उलटी होते त्याचं काय. कोणी केलंय का असं?

डिकीफुल्ल
सामानाचं आधी बघा ताई, बाकीचं नंतर. सीएनजी सातसीटर म्हणजे सिलिंडर, आणि थर्ड रो उभी केली की मागे उरते ती जागा नव्हे, फट. आम्ही कोपरखैरण्याहून गणपतीला सहा जण गेलो होतो तर दोन ट्रॉली बॅगा मांडीवर घेऊन. ट्रॉली बॅग घेऊच नका, चाकं आणि हँडल जागा खातात. मऊ कापडी बॅगा घ्या, सीटखाली, पायाशी, खिडकीच्या कडेला कुठेही कोंबता येतात. माणशी तीन जोड आणि हॉटेलात कपडे धुवायचे, विषय संपला.

आणि फराळाचे डबे स्टीलचे नेऊ नका. माझा अनुभव आहे, प्रत्येक स्पीडब्रेकरला खण्ण.

नौपाडाकर
एवढ्या लांब कशाला? केवडियाला जा की. १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा, जंगल सफारी, मुलांसाठी पार्क, सगळं एका ठिकाणी आणि अंतर हैदराबादपेक्षा बरंच कमी. फक्त सोमवारी बंद असतं तेवढं बघून जा.

घोडबंदरग्रस्त
नौपाडाकर साहेब, तुम्ही ठाण्यात राहता आणि लोकांना घोडबंदरवरून गुजरात हायवेला पाठवता? गायमुखचा घाट उतरून हायवेला लागेपर्यंत पटेलांचा पुतळा चालत आपल्याकडे येईल. (दिवे घ्या, म्हणजे गमतीत घ्या)

नौपाडाकर
घेतले. पण पहाटे ४ ला रिकामं असतं.

घोडबंदरग्रस्त
पहाटे ४ ला सगळंच रिकामं असतं हो.

रातराणी_एक्सप्रेस
माझं मत वेगळं. रात्री १० ला निघा. मुलं झोपतात, ऊन नाही, उलटीचा प्रश्न नाही, सकाळी ११ ला हैदराबाद. मी असंच करतो, वर्षातून तीन वेळा.

टायरकाका
रातराणीसाहेब, तुम्ही करता ते तुम्हाला लखलाभ, पण एकटा ड्रायव्हर, गाडीत सहा जीव आणि दिवाळीचे चार दिवस जागरण झालेलं, अशा माणसाला रात्रभर चालवायला सांगू नका. पहाटे २ ते ५ या वेळात शरीर झोप मागतंच, चहाने ती पुढे ढकलली जाते, जात नाही. सोलापूरच्या पुढे रस्ता सरळ आहे आणि सरळ रस्त्यावरच डुलकी लागते, घाटात कधी कोणाला लागत नाही.

आता धागाकर्तीसाठी. निघायच्या आठ दिवस आधी (आदल्या दिवशी नाही) टायर बघा. टायरच्या बाजूवर डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी कितीही छान दिसू दे, पाच-सहा वर्षं झाली असली तर एवढ्या लांब नेण्याआधी दाखवून घ्या. हवा किती भरायची ते पंपावरच्या मुलाला विचारू नका, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यात रिकाम्या गाडीचा आकडा वेगळा आणि फुल लोडचा वेगळा, मागच्या टायरला जास्त. तुम्ही सात जण म्हणजे फुल लोड. हवा टायर थंड असताना, म्हणजे घराजवळच्या पंपावर. घाट चढून तापलेल्या टायरात प्रेशर वाढलेलं दिसतं म्हणून काही लोक हवा काढून टाकतात, ते अजिबात करू नका.

आणि स्टेपनीची हवा. मी दर वेळी विचारतो आणि दर वेळी लोक म्हणतात अरे हो. खेरीज जॅक आणि पाना एकदा हाताळून बघा. सामान भरल्यावर स्टेपनी कुठून काढणार हेही आत्ताच बघा, नाहीतर रस्त्याच्या कडेला चकल्या आणि चड्ड्या मांडून बसाल.

खारघरवाली
काका, आत्ता नवऱ्याला खाली पाठवलं पार्किंगमध्ये मोबाईलचा टॉर्च घेऊन. चार टायर २२ चे आहेत. स्टेपनीत हवा जवळजवळ नव्हतीच. तुम्हाला साष्टांग नमस्कार.

सोलापुरी_चादर
वाचतोय पहिल्यापासून, गाव आलं म्हणून बोलतो. सोलापूरला मुक्काम करा. खारघर ते सोलापूर साधारण पावणेचारशे, तिथून हैदराबाद तीनशे. म्हणजे मोठा तुकडा पहिल्या दिवशी ताजेतवाने असताना, छोटा दुसऱ्या दिवशी. पहाटे ४ ला निघणं बरोबर आहे पण ते हैदराबादसाठी नाही, हडपसरसाठी. एक्सप्रेसवे संपला की पुणं ओलांडून सोलापूर रोडला लागायचंय, आणि ७ च्या आत हडपसर, लोणी काळभोर मागे टाकलं तर तुम्ही जिंकलात, ९ ला अडकलात तर तो एक तास गेला म्हणून समजा. पुढे यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ, भिगवण, मग मधूनच उजनीचं पाणी दिसायला लागतं, मुलांना दाखवा. फ्लेमिंगो मात्र दिवाळीत शोधू नका, ते थंडी पडल्यावर. इंदापूर, टेंभुर्णी, मोडनिंब, मोहोळ आणि घरी.

देवाचं सांगतो. सोलापूर-अक्कलकोट साधारण ४० किमी. सोलापूर-तुळजापूर ४५. आणि दोन्हीकडून हैदराबाद रोडवर नळदुर्गला निघता येतं, मागे सोलापूरला यायची गरज नाही. म्हणजे सरळ जाण्यापेक्षा तीस-पस्तीस किलोमीटरचाच फेर पडतो. पण एकाच दिवशी दोन्ही करू नका, आजींचे गुडघे आहेत आणि तुळजापूरला पायऱ्या उतरायच्या असतात. जाताना अक्कलकोट, येताना तुळजापूर. एक बरंय की तुम्ही दिवाळीनंतर जाताय, कोजागिरीला आमच्याकडून माणसं तुळजापूरला चालत जातात, रस्ता अख्खा माणसांचा असतो, गाड्यांचा नाही.

नळदुर्गचा किल्ला मात्र चुकवू नका. किल्ल्यातच बोरी नदीवर बांध घातलाय आणि बांधाच्या पोटात पाणीमहाल. पाऊस चांगला झाला असेल तर वरून पाणी पडत असतं आणि आपण आत कोरडे उभे. थीम पार्कवाल्यांना चारशे वर्षांनी सुचलं ते आदिलशाहीत केलेलं आहे.

भाकरीचा_चंद्र
सोलापुरी भाऊ, शेंगाचटणी विसरलात.

सोलापुरी_चादर
विसरलो नाही, ती न सांगता घेतातच लोक. कडक भाकरी पण घ्या, टिकते, आणि गाडीत मुलांना चावायला बरी, चिप्सपेक्षा.

कळव्याची_सून
उलटीबद्दल. आमची दोन्ही पोरं उलटीबहाद्दर, त्यामुळे यात माझी पीएचडी. थर्ड रोमध्ये बसवू नका, तिथे जास्त हलतं. मधल्या रांगेत, समोरचा रस्ता दिसेल असं. मोबाईल घाट संपेपर्यंत बंद म्हणजे बंद, मान खाली घालून स्क्रीन बघितली की पोटात ढवळायला लागतं. उपाशीपोटी नेऊ नका आणि दूध पाजून तर अजिबात नेऊ नका, दोन मारी बिस्किटं बस. औषध द्यायचं तर डॉक्टरांना विचारून, आणि ते निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यायचं असतं, खोपोली आल्यावर नाही. आवळासुपारी तोंडात ठेवायला.

आणि प्लास्टिकच्या पिशवीत तळाला जुना पेपर चुरगाळून ठेवायचा, अशा चार पिशव्या दाराच्या कप्प्यात. पेपर ओलं धरतो, पिशवी गळत नाही. एक पिशवी आधी फुंकून बघायची भोक नाही ना. हे मी अनुभवाने शिकलेय, कसा अनुभव ते विचारू नका.

भाग्यनगरी
बारा वर्षं हैदराबादेत, त्याआधी वाशी. ताई, तुम्हाला शहरात शिरायची गरजच नाही. जहीराबाद, संगारेड्डी करत पटणचेरूला आलात की आऊटर रिंग रोडला लागा. १५८ किमीचा गोल आहे, टोल जितकं अंतर चाललात तितका. वंडरला रावीर्यालला, एक्झिट १३. रामोजी विजयवाडा रोडवर, पेद्दअंबरपेटच्या एक्झिट ११ ला उतरून. दोन्ही एकाच बाजूला आहेत, म्हणून हॉटेल हायटेक सिटीत घेऊ नका, एल.बी. नगर, वनस्थलीपुरमकडे घ्या, स्वस्तही पडेल.

दोन्ही एका दिवसात होत नाहीत हे तुम्हाला माहीत आहेच, पण दोन्ही लागोपाठ करू नका हेही सांगतो. वंडरलाच्या दुसऱ्या दिवशी मुलांचे पाय दुखतात, मोठ्यांचं सगळं दुखतं. रामोजी ही राईड्सची जागा नाही, फिल्मचे सेट, बस, बागा, शो. १९९६ सालचं, जगातलं सगळ्यात मोठं फिल्म स्टुडिओ संकुल म्हणून गिनीजमध्ये आहे. आजींना तेच जास्त आवडेल, बसमधून फिरवतात.

वंडरलाचं: पाण्याच्या राईड्सना नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे कपडे लागतात, सुती टीशर्ट आणि जीन्स चालत नाही, साडी-सलवार तर नाहीच. घरून घेऊन जा. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, चकल्या गाडीत राहतील. आणि उंची मोजा! ८५ सेंमीच्या खाली फुकट, ८५ ते १४० मुलांचं तिकीट, त्यावर मोठ्यांचं. पण मोठ्या थरारक राईड्सनाही १४० ची अट असते. थोरला किती?

खारघरवाली
स्वयंपाकघराच्या दारावर आमची पेन्सिलची रेघ असते दर वाढदिवसाला. आत्ता पट्टी घेऊन परत मोजलं. धाकटी १०४. थोरला १३८.

एकशे अडतीस. घरात आता दोन पक्ष आहेत. नवरा खूश आहे की मुलांच्या तिकिटात बसतो, आणि ज्याच्यासाठी सगळी यात्रा काढली तो बेडरूमचं दार लावून बसलाय.

डिकीफुल्ल
अरेरे.

रातराणी_एक्सप्रेस
जाड सोलचे बूट घाला, दोन सेंटीमीटर काय ते.

टायरकाका
अहो नका असलं सुचवू. ती पट्टी पैसे वाचवायला नाही लावलेली, खांद्यावरून येणारं हार्नेस त्या उंचीच्या अंगावर बसेल असं केलेलं असतं. शिवाय पाण्यात बूट कुठे घालतात?

भाग्यनगरी
बरोबर. आणि १४० च्या खालच्यांना काहीच नाही असं नाही, वेव्हपूल आहे, बऱ्याच पाण्याच्या राईड्स आहेत. पण रिकॉईल रोलरकोस्टरसमोर नेऊन उभं करून मग सांगू नका, घरीच सांगा. खरं वाईट रांगेत अर्धा तास उभं राहिल्यावर वाटतं.

नेरुळची_टोलवाली
फास्टॅगचं कोणी बोललं नाही. वार्षिक पास घेतलाय का? १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाला, तेव्हा ३००० रुपये, २०० ट्रिप किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. खासगी गाडीलाच. पुणे-सोलापूरवर पाटस, सरडेवाडी, वरवडे, सावळेश्वर असे नाके आहेत तिथे चालतो. पण मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर चालत नाही, तो राज्याचा रस्ता आहे, तिथले ३२० टॅगच्या बॅलन्समधूनच जातात, आणि हैदराबादच्या रिंग रोडलाही हाच न्याय. त्यामुळे पास आहे म्हणून बॅलन्स शून्य ठेवून निघालात तर खालापूरलाच फजिती. आमच्या दिरांची झालीये.

सीएनजीचं पण: सोलापूरच्या पुढे सीएनजीच्या भरवशावर राहू नका, पेट्रोलची टाकी भरून ठेवा. आणि भरताना सगळ्यांना खाली उतरावं लागतं, सासूबाईंना दर वेळी उतर-चढ. त्यापेक्षा पेट्रोलवर चालवा तेवढा टप्पा, चार पैसे जास्त गेले तर गेले.

खारघरवाली
सगळ्यांचे आभार. ठरलेलं सांगते. चार नाही, सहा दिवस. पहिल्या दिवशी सोलापूर मुक्काम, दुसऱ्या दिवशी अक्कलकोट, नळदुर्ग, संध्याकाळी हैदराबाद. तिसऱ्या दिवशी वंडरला, त्या दिवशी सासूबाई आणि नणंद टॅक्सीने सालारजंग म्युझियम (शुक्रवारी बंद असतं, आमचा शनिवार आहे, बघितलं). चौथ्या दिवशी दुपारपर्यंत लोळणे, मग चारमिनार. पाचव्या दिवशी सकाळी रामोजी आणि दुपारीच निघून रात्री सोलापूर, सहाव्या दिवशी तुळजापूर करून घर. नवरा म्हणाला ही ट्रिप आहे की वारी. सासूबाई म्हणाल्या, वारीच समज.

भाग्यनगरी
रामोजी अर्ध्या दिवसात नाही होणार हो. पूर्ण दिवस ठेवा, रात्री तिथेच राहा.

खारघरवाली
शाळा बुधवारी नाही, गुरुवारी उघडतेय हे आत्ता भाच्याने सांगितलं. सात दिवस. ऑफिसात एक सीएल टाकते.

खारघरवाली (अकरा दिवसांनी)
आलो. उशिरा लिहितेय, कपड्यांचा ढीग संपेना.

पहाटे ४ चं निघायचं ४.५० झालं कारण सासूबाईंनी देवाजवळ दिवा लावला आणि मग तो शांत होईपर्यंत कोणी निघायला तयार नाही. एक्सप्रेसवे चक्क मोकळा. धाकटीने खंडाळ्याचा घाट पार केला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग भिगवणच्या अलीकडे, अगदी सपाट सरळ रस्त्यावर, काही कल्पना नसताना... कळव्याच्या ताई, पेपरवाली पिशवी नणंदेच्या हातात होती, तिने ती उघडेपर्यंत चकलीच्या डब्याचं झाकण कामी आलं. घाटात धरून बसलेली असणार. हडपसर पावणेआठला, थोडं अडकलो, पण तुम्ही घाबरवलं होतं तेवढं नाही.

सोलापूरला दुपारी दीडला पोचलो तेव्हा नवरा म्हणत होता अजून चालवू शकतो मी. तीन वाजता हॉटेलच्या पलंगावर बूट घालूनच झोपला तो साडेसहाला उठला. परत तो विषय निघाला नाही.

नळदुर्गला पाणी पडत नव्हतं पण पाणीमहालात उतरलो, आत गारवा इतका की धाकटी म्हणाली इथे एसी कुठे आहे. उमरग्याच्या पुढे कर्नाटक, मग तेलंगणा, पाट्या बदलत जातात ते वाचायचा मुलांना नाद लागला.

वंडरलाच्या पट्टीवर थोरला रेषेच्या खाली, बोटभर. काही बोलला नाही. भाचा आणि नवरा रिकॉईलला गेले, हा खाली उभा राहून बघत होता, आणि नवरा उतरला तो पांढराफटक, बाकावर बसला आणि पुढचा तासभर कशातच बसला नाही. त्यानंतर थोरल्याचा मूड एकदम सुधारला. वेव्हपूलमधून त्याला शेवटी ओढून काढावं लागलं. दुसऱ्या दिवशी पाय सगळ्यांचे दुखले, भाग्यनगरी, तुमचं लाख मोलाचं.

सासूबाईंना सालारजंगला घड्याळ आवडलं, तासाला एक छोटा माणूस बाहेर येऊन टोले देतो ते. अकराचे बघितले, आणि मग बाराचे जास्त असतील म्हणून तिथेच खुर्ची धरून बसल्या. नणंदेला बाकी म्युझियम एकटीने बघावं लागलं. तुळजापूरला पायऱ्या मात्र कोणाचा हात न धरता उतरल्या. चढताना धरला.

टायरकाका, स्टेपनी लागली नाही.

टायरकाका
न लागण्यासाठीच असते ती.

भाग्यनगरी
थोरला आता काय म्हणतो?

खारघरवाली
दारावर १४० ला लाल पेनाने रेघ मारून ठेवलीय, तिथे पोचलो की परत जायचं म्हणतो. नवरा म्हणतो तेव्हा मोठ्यांचं तिकीट लागेल, १३९ लाच जाऊ.

डिकीफुल्ल
सामान कसं बसलं ते सांगितलंच नाहीत. आणि चकल्यांचं काय झालं?

खारघरवाली
मऊ बॅगा, थर्ड रोच्या पायाशी, भाचा सात दिवस मांडी घालून बसला. झाकण सोलापूरला धुतलं, डबा पुसला, चकल्या उमरग्यापर्यंत संपल्या. डबा स्टीलचाच होता. खण्ण.